तेल मागणाऱ्या वस्तू

आमच्या घरात दिवाळीची सुरुवात गॅसबत्तीच्या पंपापासून होते. फराळ, रांगोळी, आकाशकंदील हे सगळं नंतर. धनत्रयोदशीला तळोद्याहून अस्तंब्याची यात्रा निघते, आणि यात्रेला जायचं तर त्याच्या आठवडाभर आधी पंप उघडून आतला चामड्याचा वायसर तेलात टाकावा लागतो. वर्षभर कोरडा राहिलेला वायसर कडक होतो, आक्रसतो. मग दट्ट्या कितीही मारा, टाकीत हवा भरत नाही. गोडेतेलाचे दोन थेंब टाकायचे, अंगठ्याने चोळायचं, कडा जराशी बाहेर फाकवायची, आणि पंप पुन्हा बसवायचा. दट्ट्या हाताला उलटा रेटा देऊ लागला की समजायचं, बत्ती यंदाही वर येणार.

ज्यांना अस्तंबा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडंसं. नंदुरबार जिल्ह्याच्या नकाशात तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आहेत आणि त्यांच्या पलीकडे नर्मदा. या दोन नद्यांच्या मधल्या डोंगरात, धडगावच्या म्हणजे अक्राणी तालुक्यात, १३२५ मीटर उंचीचा हा डोंगर उभा आहे. अश्वत्थाम्याचा डोंगर. यात्रा निघते तळोद्याहून, कोठारवरून वर चढते, आणि रात्रीचा अंधार, दगड, गवत, ओढे पार करत शिखराला लागते. महाराष्ट्रातले तर येतातच, गुजरात आणि मध्य प्रदेशातलेही येतात. बहुतेक तरुण पोरं. दिवाळीत सगळं गाव नवे कपडे घालतं आणि ही पोरं जुन्यात जुने कपडे शोधत असतात, कारण करवंदीच्या जाळ्या नव्याजुन्याचा भेद करत नाहीत.

सौप्तिक पर्वाच्या शेवटी अश्वत्थाम्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला गेला आणि कृष्णाने त्याला शाप दिला: रक्त आणि पू वाहत्या अंगाने तीन हजार वर्षं रानोमाळ भटकशील. महाभारतात शापाला मुदत आहे. परंपरेने ती काढून टाकली आणि त्याला सात चिरंजीवांच्या पंगतीत बसवलं. बाकीचे सहा कुठे ना कुठे सुखाने असावेत; हा एकटाच जखम घेऊन हिंडतो आणि भेटेल त्याच्याकडे जखमेवर घालायला तेल मागतो. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरही तो येतो म्हणतात, तेव्हा त्याचा वावर सातपुड्याच्या रांगेभर असणार. चुकलेल्याला तो वाट दाखवतो अशीही श्रद्धा आहे. माझी आजी वडिलांच्या पिशवीत तेलाची शिशी ठेवताना दरवर्षी बजावायची, "मांगना तं थोडं देजो, आख्खी शिशी नको देजो." तेल खरं तर वायसरसाठी आणि भेगाळलेल्या टाचांसाठी असायचं. पण चिरंजीवाचाही त्यात वाटा धरलेला असे, तोही मोजून.

या गोष्टीतली मला सगळ्यात खरी वाटणारी बाब म्हणजे ते तेल. मरण नाही म्हणून देखभालही नको, असं नाही. उलट, जो फार काळ टिकणार त्याला फार काळ कुणाकडे तरी काहीतरी मागत राहावं लागणार.

हे मला गॅसबत्तीने शिकवलं. आमची बत्ती अस्सल जर्मन नाही, मुंबईकडची नक्कल आहे. वडिलांनी ती मंडपवाल्याकडून जुनी घेतली. मूळ पेट्रोमॅक्स बर्लिनच्या एऱ्हिश अँड ग्रेट्झ या कारखान्यात माक्स ग्रेट्झ याने १९१० च्या सुमारास काढली, आणि तिची रचना इतकी साधी-पक्की होती की जगभर तिच्या नकला झाल्या. खाली पितळी टाकी, तिच्यात रॉकेल. पंपाने हवा भरली की रॉकेल बारीक नळीतून वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती वाफ मेंटलमध्ये जळते. मेंटल ही तर विलक्षणच चीज. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये तिचं पहिलं पेटंट घेतलं. कापडाची जाळीदार पिशवी थोरियम आणि चिमूटभर सिरियमच्या क्षारांत भिजवलेली असते. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि उरतो नुसता राखेचा सांगाडा, जो पांढराशुभ्र उजेड देतो आणि टिचकीसरशी ढासळतो. हे थोरियम एके काळी त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून जर्मनीला जात असे. तिथून मेंटल होऊन ते इकडच्या लग्नांत आणि भजनांत परत यायचं, आणि आमच्यापुरतं बोलायचं तर सातपुड्याच्या चढावरही.

तेव्हा बत्तीत दोन स्वभावांच्या वस्तू एकत्र नांदतात. पितळी टाकी, जी माझ्या नातवंडांनाही पुरेल. आणि मेंटल, जे पुढच्या वळणावरच्या ठेचेपर्यंतही पुरेल याची खात्री नाही. या दोघांच्या मधे वायसर: टाकीइतका चिवट नाही, मेंटलइतका नाजूक नाही, पण रुसणारा. वडील सारंगखेड्याच्या यात्रेहून वायसरचं चामडं आणत. दत्तजयंतीला तापीकाठी तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि घोडा आला की खोगीर, लगाम, रिकिबीचे पट्टे हे सगळं चामडंही येतं. त्या दुकानांतून वडील कातरणीचा एखादा जाड तुकडा मागून घ्यायचे. दुकानदार घोड्याचं गिऱ्हाईक सोडून या माणसाकडे वैतागून बघायचा. घरी आल्यावर वडील नाण्याभोवती खूण करून वायसर कापायचे, तेलात बुडवून वाटीच्या आकारात बसवायचे. एका तुकड्यात चार-पाच वायसर निघायचे, म्हणजे पुढची कित्येक वर्षं मिटली.

टिकाऊ वस्तू म्हणजे जिला काहीच लागत नाही ती, असं आपण धरून चालतो. दुकानदारही तेच सांगतो: घ्या आणि विसरा. आमच्या माळ्याचा अनुभव उलटा आहे. घ्या आणि विसरा अशा सगळ्या वस्तू आम्ही खरोखरच विसरलो. त्या कधी मोडल्या, कधी भंगारवाल्याकडे गेल्या, कुणालाच आठवत नाही. वर्षातून एकदा काहीतरी मागणाऱ्या वस्तू तेवढ्या राहिल्या. त्याचं कारणही गूढ नाही. मागणारी वस्तू हातात घ्यावी लागते. हातात घेतली की सैल झालेला स्क्रू दिसतो, पितळेवरची हिरवट पुटं दिसतात, चीर लहान असतानाच कळते.

घोंगडीचं तसंच. आमच्याकडची काळी घोंगडी वडिलांनी एका ठेलाऱ्याकडून घेतली. ठेलारी म्हणजे आमच्या धुळे-नंदुरबारकडचे मेंढपाळ धनगर. पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन गावोगावच्या रानांत उतरतात. घोंगडी खड्डामागावर विणतात आणि विणल्यावर तिला चिंचोक्यांची खळ देतात. नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ असते, उभी केली तर उभी राहते, आणि अंगाला अशी टोचते की झोपेपेक्षा थंडी बरी वाटावी. मऊ व्हायला तिला वर्षं लागतात, आणि ती वर्षं कुणीतरी अंगावर घेतल्याशिवाय जात नाहीत. पेटीत घडी करून ठेवलेली घोंगडी वीस वर्षांनीही टोचतेच, वर तिला कसर लागते ती वेगळीच. पावसात तिची खोळ करून डोक्यावर घेतली की पाणी बराच वेळ आत येत नाही. लोकरीत मेंढीच्या अंगाचा तेलकट अंश असतो, तो पाणी अडवतो. म्हणून घोंगडीला साबण आणि कढत पाणी वर्ज्य. आमच्याकडे एकदा एका स्वच्छताप्रिय पाहुणीने ती सोड्याच्या पाण्यात खळखळून धुतली. त्या वर्षीच्या पावसात वडील घोंगडीखाली आंघोळ करून शाळेत पोहोचले. पुढे अंगाच्या घामाने, चुलीच्या धुराने आणि वापराने तिला पुन्हा थोडा ओशटपणा आला, पण पहिल्यासारखा नाही.

विजेरीची, म्हणजे आमच्या भाषेत बॅटरीची, गोष्ट थोडक्यात सांगण्याजोगी आहे. तीन सेलांची, स्टीलची, मागच्या झाकणात जादा बल्ब ठेवायची जागा असलेली. दरीत गडगडत जाऊनही ती जगली. तिला खरा धोका होता तो पोटातल्या सेलांचा. सेल आत विसरले की पाझरतात आणि स्प्रिंग खाऊन टाकतात. पडून मेलेल्या बॅटऱ्या मी फार पाहिल्या नाहीत. ठेवून मेलेल्या घरोघरी आहेत.

आता माझ्या या सगळ्या सिद्धांताला सुरुंग लावणारी वस्तू सांगतो, नाहीतर लपवल्यासारखं होईल. टायरच्या चपला. ट्रकच्या जुन्या टायरचा तळ, वर ट्यूबचे पट्टे, खिळे. या चपला काहीही मागत नाहीत. तेल नाही, ऊन नाही, पॉलिश नाही. पाण्यात टाका, चिखलात ठेवा, वर्षभर गोठ्यामागे फेकून द्या. पुन्हा पायात घातल्या की चालू लागतात. वडिलांचा एक जोड अजून आहे आणि मला भीती आहे की तो राहीलच. पण या चपलांवर कुणाचा जीव जडल्याचं मी पाहिलेलं नाही. देवळाबाहेर काढून ठेवल्या तर चोरही त्यांना बगल देतो. टिकणं आणि जपलं जाणं या दोन गोष्टी एकच नव्हेत, एवढं त्या चपलांनी मला मान्य करायला लावलं. वडिलांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, जपायला चपला काय देवघरात ठेवायच्या आहेत?

वडील शिक्षक होते आणि त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं अक्राणीतल्या पाड्यांवर गेली. तेव्हा तो धुळे जिल्हा होता. नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. सोमवारी चढून जायचं, शनिवारी उतरून यायचं. त्या काळातली त्यांची एकच गोष्ट मी माझी म्हणून मागून घेतली: एका पावरा आदिवासी घरातून मिळालेला पाण्याचा तुंबा. कडू भोपळा वेलावरच पिकू द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा. हलवला की आत बिया वाजल्या पाहिजेत. मग देठाकडे भोक पाडून बिया आणि गर काढायचा. बारीक खडे आणि पाणी घालून खळाळून खळाळून आतली भिंत साफ करायची. कडवटपणा जाईपर्यंत पाणी भरायचं आणि ओतायचं, भरायचं आणि ओतायचं. पहिले काही दिवस पाणी तोंडात धरवत नाही. हळूहळू ते निवळतं, आणि मग त्या पाण्याला थंडपणा येतो, किंचित मातकट चव येते, जी दुसऱ्या कुठल्या भांड्याला नाही. बंद ठेवला, कोरडा ठेवला, की तुंबा ठिसूळ होतो आणि किडा धरतो. पाण्याची ये-जा चालू असलेला तुंबा माणसाच्या निम्म्या आयुष्याला पुरतो. बाहेरून तो आता तपकिरी, गुळगुळीत आहे, आणि ती चकाकी कुठल्या रोगणाची नाही, तळहातांची आहे.

होळीच्या दिवसांत काठी गावाला किंवा कुठल्याही मोठ्या पाड्यावर गेलात तर हेच भोपळे वेगळ्या रूपात दिसतात. नवस फेडणारे पुरुष अंगावर राखेचे पट्टे ओढतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप घालतात, आणि कमरेला वाळलेले भोपळे व मोठे घुंगरू बांधून रात्रभर नाचतात. त्यातले काही घुंगरू आजोबांच्या कमरेवरचे असतात. वर्षातून चार रात्री वाजायचं आणि उरलेलं वर्ष गप्प. तरी त्यांना कुणी जुनं म्हणत नाही.

पण वस्तूंबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तळोदा तालुक्यातल्या रोझवा वसाहतीतल्या एका म्हाताऱ्याने. तो मूळचा नर्मदाकाठचा. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणीची मिळून ३३ गावं आली. त्यांतल्या अनेकांना डोंगर उतरून सपाटीवरच्या वसाहतींत यावं लागलं. येताना लोकांनी घरंच्या घरं उकलून आणली. सागाचे खांब, तुळया, दारं, कौलं. म्हाताऱ्याने त्यासोबत त्याचा कामठा आणला. धनुष्य बांबूचं, आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट सालीची, तिथे सुताचं काम नाही. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आली. तेव्हापासून कामठा लग्नात, होळीत आणि भिंतीवर असतो.

तो बांबू अंधाऱ्या पाखात तोडलेला आहे, म्हणून त्याला किडा लागला नाही, असं त्याचं म्हणणं. मी मान डोलावली, पण खरा रखवालदार कोण ते त्याच्या जुन्या घराच्या वर्णनावरून कळलं. तिथे कामठा चुलीच्या वर, आढ्याला असायचा. वर्षानुवर्षांचा धूर बसून बांबू काळाकुळकुळीत झालेला, आणि धुराच्या त्या लेपावर किडा तोंड लावत नाही. वापर झाला की दोरी एका टोकाने उतरवायची, म्हणजे बांबू सरळ होऊन विसावतो. चढवून ठेवलेला कामठा वर्षभरात वाकतो तो वाकतोच, त्याची ओढ जाते.

वसाहतीत आल्यावर पत्र्याचं घर मिळालं, पुढे सुनेसाठी गॅसही आला. घरातला धूर थांबला. सुनेचे डोळे चुरचुरायचे थांबले, नातवाचा खोकला कमी झाला. आणि दोन पावसाळ्यांत कामठ्यातून पिवळी भुकटी पडायला लागली. धुरानेच बांबू राखला होता आणि धुरानेच घरातल्या बायकांच्या डोळ्यांची वाट लावली होती, हे एकाच चुलीचं काम. जुन्या वस्तूंविषयी हळवं होऊन लिहिणारे माझ्यासारखे लोक या हिशेबाची दुसरी बाजू सहसा मांडत नाहीत. कामठा वाचवायला चूल परत पेटवा असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही, आणि म्हाताऱ्यानेही तसं म्हटलं नाही. त्याने कामठा घरातून काढून गोठ्यात नेला. तिथे संध्याकाळी डासांसाठी शेणी आणि कडुनिंबाचा पाला पेटवतात. धूर गुरांना चालतो. बैलाच्या शिंगांच्या वर आता कामठा टांगलेला आहे आणि भुकटी पडायची थांबली आहे.

मध्यंतरी शहरातल्या कुठल्याशा संग्रहालयाची मंडळी वसाहतीत आली होती. जुनी हत्यारं, वाद्यं, दागिने बघत होती. कामठा त्यांना फार आवडला. चांगली किंमत देऊ म्हणाले, काचेच्या पेटीत ठेवू म्हणाले, खाली नाव लिहू म्हणाले. वडिलांचा मुलगा म्हणून मला मध्यस्थीला बोलावलं होतं. मास्तर गेले तरी आमचं घर त्याच्या लेखी गुरुजींचंच.

म्हातारा बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, "दोरी चढवून ठेवाल का उतरवून?"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, "चढवूनच. लोकांना धनुष्य दिसलं पाहिजे ना."

"आणि धूर कोण करील?"

काचेच्या पेटीत किडा लागणार नाही, औषध मारतात, असं त्यांनी समजावलं. ते खरंही असेल. म्हाताऱ्याने मला सांगितलं, "गुरुजी, यांना जत्रेतला नवा घेऊन द्या. तसाच दिसतो." त्यांनी गोठ्यातल्या कामठ्याचे बैलासकट फोटो काढले, चहा घेतला, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी धडगावला जाऊन खरंच एक नवा घेतला, असं मला नंतर त्यांच्याकडूनच फोनवर कळलं. दोरीसकट, चढवलेला. पाचशे रुपयांत मिळाला म्हणून ते खूश होते.